स्वस्तातलं मेंडोलिन आणि पाइपाचं सोल्युशन

धुळ्यात देवपूरच्या स्टॉपवर जळगावची एसटी थांबली, तेव्हा आईने कळण्याच्या भाकरींचं फडकं माझ्या मांडीवर ठेवलं आणि खाली उभ्या नानांनी खिडकीतून त्यांचं मेंडोलिन आत सरकवायला घेतलं.

"हाई ली जाय. एकलं वाटनं ते वाजाडजो."

मी ते तसंच परत बाहेर ढकललं. जळगावला पाइपांच्या कंपनीत क्वालिटी खात्यात नोकरी लागली होती, होस्टेलवर एक कॉट आणि एक कपाट मिळणार होतं, त्यात हे कुठे ठेवू, असं काहीतरी मी म्हणाले. खरं कारण वेगळं होतं. मला लाज वाटली. नवीन गावात, नवीन पोरींसमोर, बापाच्या गायन पार्टीतलं वाद्य घेऊन जायची लाज. नानांनी ते परत घेतलं. गाडी हलली तेव्हा त्यांनी एका हाताने मेंडोलिन छातीशी धरलं होतं आणि दुसरा हात हलवत होते.

धुळे ते जळगाव अडीच तास. दुबईला आणि पुण्याला गेलेले माझे वर्गमित्र मला चिडवतात की याला काय गाव सोडणं म्हणतात का! देवपुरात राहिलेल्या मैत्रिणींना तर मी शेजारच्या गल्लीत गेले असंच वाटतं. पण गाव किलोमीटरवर सुटत नाही गं. घरी 'शे' म्हणणारी मी ऑफिसात 'आहे' म्हणायला लागले. शिफ्ट, बॅच, प्रेशर टेस्ट, रिजेक्शन हे माझे रोजचे शब्द झाले. मग लग्न झालं, जळगावातच मेहरूणला घर झालं, आणि देवपूरला जाणं दिवाळी आणि भीमजयंतीपुरतं उरलं.

नाना शाळेत शिपाई होते. दिवसभर घंटा द्यायची आणि संध्याकाळी पार्टीबरोबर भीमगीतं वाजवायला जायचं. जयंतीच्या महिन्यात ते आम्हाला दिसायचेच नाहीत. त्यांना नोटेशन येत नाही, पण गाणाऱ्याचा आवाज बसला की त्याला कळायच्या आत ते पट्टी उतरवून द्यायचे. मी लहानपणी त्यांच्याकडे चार गाणी शिकले आणि सोडून दिली. आता वाटतं, किती मोठ्या वादकाच्या घरात मी नुसती गृहपाठ करत बसले होते.

तीन वर्षांपूर्वी आई गेली. नानांनी मेंडोलिन खुंटीला टांगलं ते काढलंच नाही, आणि दोन उन्हाळ्यांत त्याची वरची फळी मधोमध तडकली. मी आणि सुनील, म्हणजे माझा नवरा, दर महिन्याला त्यांना जळगावला बोलवायचो. दर महिन्याला एकच उत्तर. लेकीच्या घरी एक वेळ जेवायला यावं, राहायला नाही. जुन्या रूढी मोडा म्हणून आयुष्यभर स्टेजवर वाजवणारा माणूस, पण लेकीच्या घरी मुक्काम करायची वेळ आली की त्याला 'लोकं काय म्हनतीन' आठवायचं. आणि तिकडे घरात एकट्याने दोन वेळच्या पोळ्या एकदाच करून ठेवायच्या आणि रात्री शिळ्या खायच्या. मला भीती वाटायची की एक दिवस शेजाऱ्यांचाच फोन येईल.

म्हणून मी आमिष लावलं. ऑनलाइन मेंडोलिन मागवलं, सगळ्यांत स्वस्त होतं ते, चपलांच्या एका बऱ्या जोडाच्या किमतीचं. चार दिवसांत खोकं आलं. लालबुंद पॉलिश, आठ तारा, पोट प्लायवूडचं, खुंट्या जरा जड फिरणाऱ्या. तारांखालची घोडी मात्र, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात तो लाकडी तुकडा, वेगळ्या पिशवीत सुटी होती. मला वाटलं, आलंच तुटून.

आता पाइपवाल्या माणसाचं एक असतं. सुटं दिसलं की गळणार, हेच डोक्यात. हात आपोआप सोल्युशनकडे जातो. ज्याने आम्ही पाइपाचे सांधे जोडतो तेच. अंदाजाने जागा बघितली, दोन थेंब लावले, दाबून धरलं आणि स्वतःवर खूश झाले. तारा चढवल्या. मोकळ्या तारा छान बोलल्या, पण बोटं दांडीवर खालच्या पडद्यांकडे गेली की सगळं बेसूर. मी ते आमच्या भाषेत रिजेक्ट करून टाकलं.

नानांना फोन केला. "तुमच्यासाठी मागवलं होतं, पण माल खराब निघाला. परत पाठवते."

"वाजाडी दखाड," ते म्हणाले. मी फोन टेबलावर ठेवून वाजवलं.

"घोडी कशी बसाडी?"

"सोल्युशनने चिकटवली, नाना."

"पाइपना सोल्युशननी?" त्यानंतर त्यांनी माझ्या शिक्षणाबद्दल जे म्हटलं ते इथे लिहीत नाही. शेवटी म्हणाले, "हात नको लावजो तिले. मी सकायले येस."

तीन वर्षं माझ्या विनवण्यांना न हललेला माणूस दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने आला. चहा घेण्याआधी त्यांनी मेंडोलिन मागितलं. तारा सैल केल्या, स्वयंपाकघरातली पातळ सुरी गरम केली आणि घोडीखालून अशी हळू फिरवली की पॉलिशला दोन पांढरे डाग पडले, तेवढंच. मग घोडी नुसती ठेवली. गोंद नाही, खिळा नाही. तारा ताणल्या, एक तार मोकळी छेडायची, तीच बाराव्या पडद्यावर दाबून छेडायची, कान लावायचा, घोडी केसभर सरकवायची. असं अर्धा तास. आणि मग सूर वरपासून खालपर्यंत सरळ लागला.

"घोडी कोनी चिटकाडस का, माय? ती तारना दाबवर उभी ऱ्हास," ते म्हणाले.

मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. सुनीलने चहा आणला. आमच्या पाइपाच्या तुकड्यातून नानांनी छेडायची पट्टी कापली, पायरीवर घासून गुळगुळीत केली, आणि वाजवायला बसले.

नाना अकरा दिवस राहिले. लोकं काय म्हणतील याची भीती होती, पण कुणीच काही म्हटलं नाही. उलट वरच्या मजल्यावरच्या अक्का रोज संध्याकाळी खुर्ची घेऊन खाली येऊ लागल्या. एप्रिल होता, दुपारी कूलर धापा टाकायचा. तारा रोज उतरायच्या आणि नाना रोज चढवायचे, पण मेंडोलिनचं अंग काही तडकलं नाही. "लाकडाचं तडकस, हाई प्लायनं नही तडकाव," ते कौतुकाने त्याच्या पोटावर टिचकी मारून म्हणाले. अस्सल लाकडाचं जिथे खुंटीवर तडकून गेलं, तिथे हे गरीब प्लायवूड आमच्या उन्हाळ्याला पुरून उरलं. मी त्याला रिजेक्ट केलं होतं याची मला अजून शरम वाटते.

जायच्या दिवशी मी बसस्टँडवर मेंडोलिन घेऊन गेले. नाना खिडकीत बसले, मी खाली उभी. मी ते वर सरकवलं.

नानांनी परत खाली ढकललं. "आठेच ऱ्हाऊ दे. लइ गऊ ते मंग आठे कसाले येसू?" नेलं तर इथे परत कशाला येऊ, असा त्यांचा हिशेब.

गाडी हलली. मी एका हाताने मेंडोलिन छातीशी धरलं होतं आणि दुसरा हात हलवत होते.

पूर्वी कुणी विचारलं, घर कुठलं, तर मी अडखळायचे. देवपूर म्हणावं तर तिथे माझी कॉटही राहिली नाही, मेहरूण म्हणावं तर जीभ अडायची. आता मेहरूण म्हणते. नानांनी आपली वस्तू ठेवली आहे इथे.

परवा त्यांचा फोन आला. जेवण, तब्येत, काही विचारलं नाही.

"घोडी हालनी नही ना?"

"नही नाना. जागावर शे."