पुलाची उजवी कड

ही गोष्ट माझ्या बायकोला माहीत नाही. आईला नाही. ज्याला सगळ्यात आधी कळायला हवी होती, त्याला तर नाहीच. सहा वर्षं झाली. इतकी वर्षं एखादी गोष्ट पोटात ठेवली की ती मरून जाते, असं मला वाटायचं. मरत नाही. वाढते.

आणि सुरुवात ऐकाल तर हसाल. एका व्हिडिओ गेममधल्या जागेवरून वाद झाला होता. एवढंच.

शहापुरात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. तेव्हा मागच्या खोलीत मी एक टीव्ही आणि एक सेकंडहँड कन्सोल ठेवला होता. रविवारी दुपारी सात-आठ जण जमायचो. आटगावचा अक्षय, मुरबाडकडचे तिघं-चौघं, आणि वैशाखऱ्याहून बाइकवर येणारा प्रवीण. सगळे पंचविशीतले, कामधंद्याला लागलेले. प्रवीण आणि मी आयटीआयला एका बाकावर बसलेलो. त्याच्या घरी मी कितीदा जेवलो असेन, मोजलेलं नाही.

गेम मारामारीचा होता, पण त्यात समोरच्याला मारून संपवायचं नसतं— खाली पाडायचं असतं. हवेत तरंगणारी एक जागा असते, तिला स्टेज म्हणतात. तिच्यावर दोघं लढतात. फटका बसला की माणूस कडेबाहेर फेकला जातो. पडता पडता त्यानं नेमक्या क्षणी बटण दाबलं तर त्याचा हात कडेला अडकतो, तो परत वर चढतो. नाही अडकला तर गेला.

काही स्टेज सपाट असतात. काही हलतात, कलतात. त्या वर्षी आम्ही शहापूर-मुरबाडची स्पर्धा भरवायची ठरवली, कल्याणहूनही काही जण येणार होते. मग प्रश्न आला— स्पर्धेत कुठल्या स्टेज घ्यायच्या? कुठली जागा दोघांनाही सारखी? तीन रविवार आम्ही यावर भांडलो. खेळ राहिला बाजूला. अक्षयचं म्हणणं एकच— "सपाट सोडून काय पण नको. जागाच हलली तर जिंकला कोण, माणूस का जागा?" बाकीचे म्हणायचे, हलत्या जागेवर तोल सांभाळायचा यालाच तर खेळ म्हणतात, नाहीतर बुद्धिबळ खेळा. सगळ्यात जास्त वाद एका झुलत्या लाकडी पुलावरून होता. आम्ही त्या स्टेजला 'पूल'च म्हणायचो. थोड्या थोड्या वेळानं तो एका अंगाला कलायचा. दोघांनाही सारखाच कलायचा— दिसायला.

शेवटचा शब्द माझा असायचा. खोली माझी, मशीन माझं, आणि मला यंत्रातलं कळतं असा सगळ्यांचा समज. तो खराही होता. म्हणून तर पुढचं सगळं झालं.

मला एक गोष्ट माहीत होती, जी त्यांच्यापैकी कुणालाच माहीत नव्हती. दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी एकटा खेळत बसायचो. असंच एका दुपारी कळलं. पूल उजवीकडे कलायला लागला की क्षणभर— पापणी लवते तेवढाच वेळ— उजव्या कडेला हात अडकतच नाही. बटण वेळेवर दाबा, आधी दाबा, चारदा दाबा. हात हवेतून जावा तसा लाकडातून जातो. गेम बनवणाऱ्यांची चूक. मी पुन्हा पुन्हा करून पाहिलं. मग टीव्ही बंद केला आणि दुकानात येऊन बसलो. आठवतं मला, छाती धडधडत होती. भीतीनं नाही. आनंदानं.

त्यानंतर मी पुलावर हरलो नाही. समोरच्याला उजवीकडे रेटायचं, पूल कलायची वाट बघायची, हलका धक्का द्यायचा. बस.

आमच्यात सगळ्यात चांगला खेळायचा प्रवीण. त्याची बोटं बघत राहावीत अशी चालायची. त्यामुळे काहीतरी चुकतंय हे त्यालाच आधी जाणवलं. तिसऱ्या रविवारी तो म्हणाला, "पुलाच्या उजव्या कडेला काय तरी गडबड हाय. मी बटण दाबतो, पण हात पकडत नाय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

तिथे बोलता आलं असतं. 'हो रे, मलाही दिसलंय, पूल काढून टाकू.' किती शब्द लागतात? पण मग विचारलं असतं ना कुणीतरी— तुला कधी दिसलं? मी हसलो. म्हणालो, कडेला काही झालेलं नाही, टायमिंगचा प्रश्न आहे. आणि रिमोट हातात घेऊन सगळ्यांसमोर उजव्या कडेवरून उडी मारली. कड पकडली. पुन्हा मारली, पुन्हा पकडली. मारतच राहिलो. दर वेळी पूल सरळ असताना. कलायला लागला की मी बोलत बोलत थांबायचो, घाम पुसायचो, सरळ झाला की उडी. कुणाच्या लक्षात आलं नाही. कसं येणार? माझ्यावर त्यांचा विश्वास होता.

"हात स्लो झाला रे तुजा," अक्षय प्रवीणला म्हणाला. "स्लो लोकलसारखा हरेक स्टेशन घेतोय." सगळे हसले. प्रवीणही हसला. पण हसता हसता त्यानं उजव्या हाताची मूठ उघडली आणि मिटली. मी ते पाहिलं.

आता तुम्हाला त्याच्या वडिलांबद्दल सांगायला हवं. मी टाळत होतो.

प्रवीणच्या वडिलांना कंपवात होता. चाळिशीतच लागला. आधी फक्त उजव्या हाताची बोटं मागे पडायला लागली. सदऱ्याचं बटण लावायला वेळ लागायचा, भाताची पेंढी बांधताना गाठ सुटायची. घरचे चेष्टा करायचे— म्हातारे झालात का इतक्यात? मग हात थरथरू लागला. मग पाय अडखळले. शेवटची दोन वर्षं खाटेवर. प्रवीण त्यांना भरवायचा. घास गिळताना ठसका लागला की पाठीवरून हात फिरवायचा. हे मी ऐकलेलं नाही, बघितलेलं आहे. त्यांच्या तिरडीला मी खांदा दिलाय.

म्हणजे मला माहीत होतं. हे लक्षात ठेवा. मला सगळं माहीत होतं.

स्पर्धा झाली. पूल यादीत होता. उपांत्य फेरीत प्रवीण आणि मी समोरासमोर आलो, आणि तीनदा मी त्याला त्याच उजव्या कडेवरून पाडलं. शेवटच्या वेळी तो स्क्रीनकडे बघतच नव्हता. स्वतःच्या अंगठ्याकडे बघत होता. लोक टाळ्या वाजवत होते. मी ती स्पर्धा जिंकलो. चषक दुकानातल्या काचेच्या कपाटात ठेवला, चार्जरच्या वरच्या फळीवर.

चार दिवसांनी प्रवीण दुकानात आला. एकटा. भर दुपारी. तो मुरबाडच्या एमआयडीसीत एका कंपनीत पॉवर प्रेसवर ऑपरेटर होता. पत्रा आत सरकवायचा, हात बाहेर घ्यायचा, पायानं पेडल दाबायचं. दिवसभर तेच. हात बाहेर यायला उशीर झाला तर काय होतं हे त्या कंपनीतल्या दोघांच्या पंजांकडे बघून कळायचं. आणि दोन महिन्यांपूर्वी त्याचा साखरपुडा झाला होता. सिद्धगडाच्या पायथ्याकडच्या एका गावातली वैशाली. हसरी मुलगी. मी पेढे खाल्ले होते.

तो स्टुलावर बसला. उजवा पंजा काउंटरवर पसरून ठेवला. मग म्हणाला, "राजू, तुला यंत्रातलं कळतं. माजा हात तू किती वर्सं बघतोस. खरं सांग, राग नाय येणार मला. हात उशिरा पडतो का माजा?"

तो काय विचारत होता हे मला कळलं नसेल असं वाटतं का तुम्हाला? गेमबद्दल विचारत होता का तो? त्याच्या डोळ्यांत त्याचे वडील होते. मला दिसत होते.

आणि कपाटात चषक होता. त्या रविवारी सगळ्यांसमोर मारलेल्या उड्या होत्या. 'नाही रे, तुझा हात ठणठणीत आहे'— एवढं म्हणालो असतो तर तो लगेच विचारणार होता, मग कड का पकडत नाही? आणि त्याला उत्तर एकच होतं.

मी म्हणालो, "थोडासा."

एकच शब्द. मी त्याच्याकडे बघूनही बोललो नाही. समोरच्या मोबाइलचे स्क्रू काढत होतो.

तो "बरं" म्हणाला. उठला. दारात थांबून म्हणाला, "कुणी बोलत नाय रे. बरं केलंस."

त्यानंतर ते पसरत गेलं. एखादी भेग पसरते तसं— कुणी काही न करता. तो जेवताना मध्येच थांबायचा आणि बोटांकडे बघायचा. बसल्या बसल्या मांडीवर अंगठा आपटून मोजायचा. हाताकडे सारखं बघत राहिलं की हात चुकणारच; त्याच्या हातून तांब्या पडला, किल्ली पडली, आणि दर वेळी त्याचा चेहरा अजून थोडा विझला. प्रेसवर एकदा पत्रा तिरका गेला. काही झालं नाही, पण त्यानं त्याच दिवशी सुपरवायझरला सांगून मशीन सोडलं आणि पॅकिंगला गेला. पाठीमागे कुणाला बसवून बाइक चालवणं बंद केलं. रविवारी यायचं तर कधीच थांबवलं होतं.

कल्याणला मोठ्या डॉक्टरकडे गेला. मीच घेऊन गेलो— हेही सांगायला हवं. डॉक्टरांनी त्याला चालवलं, बोटं जुळवायला लावली, लिहायला लावलं. म्हणाले, आज तरी मला काही दिसत नाही. वडिलांना होतं म्हणून तुला होईलच असं नाही. लक्ष ठेव, काही वाटलं तर ये. दुसरा कुणी असता तर उड्या मारत घरी आला असता. प्रवीणनं त्यातलं एवढंच ऐकलं— 'आज तरी' आणि 'लक्ष ठेव'. परत येताना गाडीत तो म्हणाला, "त्यांना आता दिसत नाय. तुला दिसलं होतं." मी खिडकीबाहेर बघत राहिलो. बोलायला कल्याण ते शहापूर एवढा रस्ता होता माझ्याकडे.

पुढच्या आठवड्यात तो स्वतः वैशालीच्या घरी गेला आणि लग्न मोडून आला. तिच्या वडिलांना म्हणाला, "तुमच्या पोरीनं माज्या आईसारखं वर्सानुवर्सं नवऱ्याचं दुखणं काढत बसायचं, हे मला बघवणार नाय."

तिचा मला फोन आला. नंबर कुठून मिळवला कोण जाणे. रडत नव्हती. अगदी हळू बोलत होती. "दादा, तुमी त्याचे जवळचे. त्याला खरंच काय हाय का वो? तुमी सांगाल ते मी मानीन. काय नसलं तर मी घरच्यांशी भांडेन."

पहिल्या वेळी मी गडबडलो होतो असं म्हणता येईल एखाद्याला. या वेळी नाही. या वेळी मला विचार करायला वेळ होता. तीही पलीकडे थांबली होती, तिचा श्वास ऐकू येत होता. मी म्हणालो, "डॉक्टरांनी लक्ष ठेवायला सांगितलंय. मी काय सांगणार?"

ती "बरं दादा" म्हणाली. वर्षाच्या आत तिचं दुसरीकडे लग्न झालं.

त्याच सुमारास गेमचं नवं अपडेट आलं. सोबत दुरुस्त्यांची लांबलचक यादी होती, तिच्यात एका ओळीत लिहिलं होतं की पुलाच्या उजव्या कडेचा दोष काढला आहे. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. ती कुणाला दाखवली असती तर? ग्रुपवर टाकली असती तर? आमच्यातलं दुसरं कुणी असल्या याद्या वाचत नाही. मी अपडेट केलं आणि काही महिन्यांत कन्सोल विकून टाकला.

प्रवीणला काहीही झालेलं नाही. सहा वर्षं झाली, त्याचा हात तुमच्या-माझ्यापेक्षा स्थिर आहे. त्यानं कंपनी सोडली, घरची भातशेती बघतो. आवणीला त्याच्या बरोबरीनं रोपं लावणारा वैशाखऱ्यात दुसरा नाही, असं लोक सांगतात. पण तो ते मानत नाही. रोग दबून बसलाय, म्हणतो. उठेल कधीतरी. स्थळं येतात, तो परत पाठवतो.

दिवाळीनंतर मी त्याच्याकडे गेलो होतो. भाताची झोडणी झाली होती, ओटीवर पोती रचलेली. या वेळी सांगायचंच, असं ठरवून गेलो होतो. दर वेळी असंच ठरवून जातो.

त्याची आई चहा घेऊन आली. माझ्यासमोर बसली. म्हणाली, "तू तवा खरं बोललास रे राजू. नायतर लगीन होऊन बसलं असतं. तुज्यामुलं एका पोरीचा जलम वाचला."

प्रवीण खाली बघून हसला. "मी पण तेच सांगतो हिला. बाकी सगले हसत होते. हा एकटा खरं बोलला."

मी म्हणालो, "राहू द्या काकी."

निघताना काकींनी नव्या तांदळाची पिशवी माझ्या गाडीला अडकवली. मी नको म्हणालो नाही. घरी आणली. बायकोला तांदळाचा वास फार आवडला. महिनाभर आम्ही तोच भात खाल्ला.