तिसऱ्या बॅचचं कोल्ड क्रीम

"मॅडम, तुमचं जीएमएस बोगस हाय!" मालक भाऊसाहेब टाकीत वाकून ओरडले. कोल्ड क्रीम फाटलं होतं. वर तेल, खाली पाणी, मधे रवा. सलग दुसरी बॅच. "तिसरी फाटली तर सोमवारपासनं तुमी घरी."

बारामतीच्या एमआयडीसीतली ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी केमिस्ट, नोकरी चार महिन्यांची. जीएमएस म्हणजे पामतेलापासून केलेल्या, मेणासारख्या पांढऱ्या पाकळ्या. तेल आणि पाणी एकजीव राहावं म्हणून त्या घालायच्या. दोन्ही गरम असताना मिसळायचं, मग ढवळत ढवळत सावकाश निववायचं. भाऊसाहेब पूर्वी ट्रॅक्टरचे टायर विकायचे. बाजारातला दुसऱ्याचा माल खोटाच असतो, हे त्यांचं एकमेव शास्त्र.

त्याच पाकळ्या घेऊन लॅबमध्ये बीकरभर क्रीम केलं. उत्तम झालं. म्हणजे घोळ टाकीपाशी. निवायला दीड तास लागायचा आणि त्यातच जेवणाची सुट्टी. तिसऱ्या बॅचला नजर ठेवायला मी जेवणाचा डबा टाकीमागेच उघडला.

मालकांचे वडील आबा शेळगावहून रोज देखरेखीला यायचे. आले. पंच्यात बर्फाचा खडा. झाकण उघडलं आणि दिला आत सोडून!

"आबा! हे काय?"

"घुसळताना गार पानी घातलं की लोनी वर येतं. तुमच्यात म्हाईत न्हाय व्हय?"

मी कपाळावर हात मारला. अहो, ताकातून लोणी वेगळं निघायला हवं असतं. इथं काही वेगळं निघू नये म्हणूनच सगळा खटाटोप! ती बॅचही फाटली.

ऑपरेटर जालिंदरला झापलं. तो म्हणाला, "म्हाईत हुतं की. पन मालकाच्या बापाला कोन सांगनार?"

भाऊसाहेबांकडे गेले. सगळं ऐकून ते स्टेपलरची उघडझाप करत बसले. "आबांना मी कसं बोलू? तुमीच बगा." मला घरी धाडायला निघालेला हा वाघ! असा संताप आला म्हणता.

शेवटी मीच आबांना समजावलं.

"आरं तिच्या! मग पयल्याच दिशी सांगायचं न्हाय व्हय, पोरी?"

चौथ्या बॅचला ते टाकीशेजारी खुर्ची टाकून बसले. झाकणाला कुणाला हात लावू दिला नाही. क्रीम झकास जमलं, माझी नोकरी राहिली.

अख्ख्या कारखान्यात चूक ऐकून घेणारा एकच माणूस निघाला. ज्यानं ती केली होती, तो.