मोटारीच्या टपावरचा डेरा

बाबा निजामाच्या राज्यात तहसीलदार होते. हिवाळ्यात ते गावोगाव दौरा करत आणि मुक्कामाचा डेरा बैलगाडीतून आदल्या दिवशी पुढे जाई. मोटार आली त्या वर्षी त्यांनी बीडच्या लोहाराकडून टपावर लोखंडी कठडा बसवून घेतला आणि डेरा मोटारीवर चढवला. आई माहेरी होती, म्हणून मीही बरोबर होते.

मोटारीसोबत आलेली इंग्रजी पुस्तिका घरात मला एकटीलाच वाचता येई. टपावर जेमतेम दीड मण ओझं चालेल, असं तिच्यात होतं. मी बाबांना सांगितलं, तर त्यांनी शिपायाला टपावर उभं केलं. टप वाकला नाही.

"बघ," बाबा म्हणाले, "एवढा जाडजूड माणूस पेलला."

उभ्या गाडीवरचं ओझं आणि खड्ड्यांतून उसळणाऱ्या गाडीवरचं ओझं एक नसतं, हे मला वाचून समजलं होतं. पण बाबांशी वाद घालायची हिंमत नव्हती. डेरा तेवढा तोलून घ्यायला लावला. कनाती, खांब, मेखा, सगळं दीड मणाच्या आत भरलं. निघताना मागचं चाक आणि त्यावरचा पत्रा यांच्यामध्ये माझी मूठ सहज जात होती.

दिंद्रुडचा मुक्काम आटोपला त्या सकाळी मूठ जाईना. दोन बोटंच गेली. गाडीत अजून कोणी बसलंही नव्हतं. मी आत बसले तेव्हा मागचं दार चौकटीत अडलं. ड्रायव्हरने ते खांदा लावून रेटलं आणि दुसरीकडे बघू लागला.

"आज जड वाटते गाडी," मी हळूच म्हटलं.

"दव पडलंय लई, बीबी. कापड पाणी पितंय."

कापडाला मी हात लावला होता. उन्हाने ते खडखडीत वाळलेलं होतं. डेरा गुंडाळताना त्याने आमच्या शिपायालाही जवळ येऊ दिलं नव्हतं. "जावा, भाकर खावा तुमी," म्हणून हाकललं होतं. गुंडाळायला गावचीच माणसं होती.

तहसीलदाराची मोटार जकात नाक्यावर कोणी उघडून बघत नसे, हे त्याला माहीत होतं. कापडात काय होतं ते मला माहीत नव्हतं, पण पकडलं गेलं असतं तर नाव बाबांचं गेलं असतं. बाबा गावातून शेरभर दूधही पैसे दिल्याशिवाय घेत नसत.

ओढ्याचा उतार दाखवायला दिंद्रुडचे पाटील पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते. प्रत्येक खड्ड्याला माझ्या डोक्यावरच्या लाकडी पट्ट्या करकरत. मी ड्रायव्हरची मान बघत होते. ती एकदाही वर वळली नाही. ओढ्याचा काठ आला. उतार एका अंगाला कलता होता आणि वरचं ओझं त्याच अंगाला सरकल्याचं पट्ट्यांच्या करकरण्यावरून कळत होतं.

"बाबा, गाडी थांबवा. आधी डेरा उतरवा."

माझा आवाज इतका मोठा निघाला की पाटील मागे वळले.

"कावून?" त्यांनी विचारलं.

"वर दीड मणापेक्षा जास्त आहे. गाडी उलटेल."

बाबांनी गाडी थांबवायला लावली. मग त्यांनी शिपायाला वर चढवलं. गुंडाळी खाली आली, दोर सुटले, आणि कनातीच्या घड्यांतून उसाच्या पाचटात बांधलेल्या गुळाच्या ढेपी निघाल्या. एक नारळ निघाला. कापडाला कुंकवाची बोटं लावलेली होती.

"ह्ये आमी न्हाई ठेवलं, साहेब," ड्रायव्हर लगेच म्हणाला. त्याला अजून कोणी विचारलंही नव्हतं.

"त्यानं न्हाई, आमी ठेवलं," पाटील शांतपणे म्हणाले. "डेऱ्यात चूल पेटली की ते गावातलं घर झालं, सायेब. घर मोडून निगालं की त्याची ओटी भरत्यात. तुमी हातानं घेत न्हाई, म्हून कापडात बांदली."

"गाडी उलटली असती, पाटील."

"बैलगाडी कदी उलटली न्हाई. आजपतुर दर साली भरतोय की."

बाबांचा चेहरा बदलला. "दर साली?"

"व्हय. गोड लागला न्हाई का?"

इतक्या वर्षांत आमच्या घरी त्या गुळाचा खडाही आला नव्हता. बाबांनी शिपायाकडे पाहिलं, मग ड्रायव्हरकडे. मोटार येण्याआधी डेऱ्याच्या बैलगाडीवर हा ड्रायव्हरच असे. दोघंही ओढ्याच्या पाण्याकडे बघत होते.

ओटी परत करणं म्हणजे गावाचा अपमान. बाबांनी एक खडा फोडून तोंडात टाकला, मला एक दिला, आणि बाकीचा गूळ पलीकडच्या शेतात खुरपणाऱ्या बायकांना वाटायला पाटलांनाच सांगितलं. डेरा पुन्हा वर चढला.

मी चाकापाशी वाकले. मूठ गेली. ड्रायव्हरने माझ्या बाजूचं दार लावलं. या वेळी नुसता हात पुरला. सकाळी दार खांद्याने रेटून तो दुसरीकडे का बघू लागला होता, ते मी त्याला कधी विचारलं नाही. पण त्यानंतर दर मुक्कामाला डेरा गुंडाळला जाईपर्यंत मी तिथून हलले नाही.