ताप नाय कुणाला

माझी ताई गेली त्या वर्षापासून मी तिच्या सासूचं वाईट चिंतत आलेय. खोटं कशाला बोलू? देवापुढे हात जोडले की पहिलं मागणं तेच असायचं, त्या बाईचं तळपट होऊ दे.

ताईला शहापूरकडे, शेणवे गावात दिलेलं. आमचं गाव मुरबाडच्या बाजूचं. नव्वदचं दशक सरत आलेलं, ऐन आवणीचे, भातलावणीचे दिवस. ती आमच्याकडे दोन दिवस भात लावून सासरी परत गेली आणि तिसऱ्या दिवशी तिला झटके आले. सासरच्यांनी आधी भगताला बोलावलं. तो लिंबू उतरवत बसला आणि दुपार गेली. शहापूरच्या दवाखान्यात पोचली तेव्हा डोळे उघडे होते, ओळख नव्हती. मलेरिया मेंदूत गेला म्हणाले. दोन दिवसांत संपली.

तेराव्याला आम्ही तिच्या सासरी गेलेलो, तिथे मलेरियाचा माणूस आला. घरोघर ताप विचारत फिरणारा, बोट टोचून काचेवर रक्त घेणारा. आईपुढे चाचरत म्हणाला, "ती जायच्या चार-पाच दिवस आधीच आलेलो ओ मी. पन घरातून सांगितलं, ताप नाय कुनाला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या घरात बोलणारं तोंड एकच, सासूचं. सून अंथरुणाला खिळली तर हिचं शेत कोण लावणार? म्हणून लपवलं. आम्ही पानावरून तशाच उठलो.

पुढे मी मुरबाडला एका डॉक्टरांकडे कंपाउंडर लागले. एकदा पेशंट नव्हते तेव्हा विचारलं, मलेरिया तर गावभर होतो, मग हीच कशी मेली? त्यांनी केसपेपर उलटा करून नसा काढून दाखवल्या.

"जंतू शिरलेल्या रक्तपेशी मेंदूच्या बारीक नसांना चिकटतात. मग अंगातल्या राखणदार पेशी रसायनांचे निरोप सोडतात, सायटोकाइन म्हणतात त्यांना. शत्रू आलाय, धावा! बेताने सुटले तर माणूस तरतो. पण कधी कधी ते थांबतच नाहीत. नसा सुजतात, पाझरतात, मेंदूवर दाब येतो."

"म्हणजे मारलं कुणी? जंतूंनी, का तिच्याच अंगानं?"

"दोघांनी. कुणात हे एवढं का पेटतं, ते आम्हालाही पुरतं ठाऊक नाही. पण पहिल्या दिवशीच गोळ्या मिळाल्या असत्या तर बहुतेक इथवर आलंच नसतं."

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, मी मनात म्हटलं. पण माझ्या कामाचं त्यांचं शेवटचं वाक्य होतं. ते जपून ठेवलं, त्या बाईच्या तोंडावर फेकायला.

मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या जत्रेत ती सापडली, घोंगड्यांच्या दुकानापुढे.

"काय गो मावशे, घोंगडी घेतेस? माझी ताई थंडीनं कुडकुडत होती तवा काय पांघरलंस तिच्यावर?"

लोक थांबले. मला तेच हवं होतं. "पहिल्या दिवशी गोळ्या मिळाल्या असत्या तर जगली असती! डॉक्टर सांगतात! शेतासाठी सून मारलीस तू!"

तिनं हातातली घोंगडी खाली ठेवली.

"तो मलेरियावाला आला तवा मी पाण्याला गेलेले गो. दारात तीच होती. आमची आवनी तर कवाच उरकलेली. आदल्या दिवशी तूच आलेलीस ना निरोप घेऊन, आईची आवनी रखडलीय म्हनून? माझ्या मागनं तिनंच सांगितलं त्याला, ताप नाय. मला तुमच्याकडनं परत आल्यावर म्हनाली, रक्त दिलं असतं तर तुमी मला जाऊ दिलं नसतं, आत्या, अन् माझ्या आईचं शेत पडलं असतं."

"मग तेराव्याला का नाय बोललीस?"

"काय बोलनार होते? पोर गेलेली तुझ्या आईची."

मला ते लगेच पटलं, आणि पटलं म्हणूनच जास्त संताप आला. आमच्या शेतात ताईचे हात थरथरत होते, ते मी पाहिलेलं. आई म्हणालेली, भिजलीस, चहा घे. "खोटारडी!" मी त्या बाईवर ओरडले आणि गर्दीतून वाट काढत निघाले.

घरी आई भाकऱ्या थापत होती. "भेटली का ती सटवी?"

"भेटली."

"बोललीस ना तोंडावर?"

"बोलले."

"बरं केलंस."

त्यानंतर आई बरीच वर्षं जगली. जेवायला बसलो की विहिणीला शिव्याशाप द्यायची, तिचं घर बसू दे म्हणायची. आणि मी तिच्या ताटात भाकरी वाढत म्हणायचे, हो आई, बसू दे.