ग्रॅहमच्या रायफलीच्या पुंगळ्या

मकरंद मूळचा सांगलीकडचा, उभा जन्म लेथवर घालवलेल्या माणसाचा मुलगा. ऑकलंडला शिकायला आला तो इथलाच झाला, आणि आज न्यू लिनमधल्या एका वर्कशॉपात डाय, म्हणजे धातूला आकार देणारे साचे, बनवतो. बोलायला कमी, हाताचा नेटका. एकदा काम धरलं की ताटातलं जेवण गार झालं तरी उठायचा नाही. त्याची ही हकिकत यंदाच्या मार्चमधली.

त्याच वर्कशॉपात ग्रॅहम नावाचा म्हातारा कारागीर होता. मकरंदला हरणाच्या शिकारीचा नाद त्यानंच लावला, मागे लागून लायसनही त्यानंच काढायला लावलं. ग्रॅहमची रायफल जगावेगळी. तिला लागणारं काडतूस कुठल्याही दुकानात मिळत नसे. थ्री नॉट थ्रीची जुनी पितळी पुंगळी घ्यायची, साच्यात दाबून तिची मान बारीक करायची, मानेखालचा उतरता खांदा मागे सारायचा आणि मग बारीक गोळी बसवायची. हे सगळं ग्रॅहम एकट्यानं करी. गेल्या हिवाळ्यात तो गेला, आणि त्याच्याबरोबर त्याच्या हातातलं कसबही गेलं.

मागे राहिले साचे, कृती लिहिलेली एक वही, आणि त्याची बायको बेव्हर्ली. ग्रॅहमचा पुतण्या वेन तिला म्हणाला, "आंटी बेव्ह, जिच्यासाठी गोळ्या मिळत नाहीत ती रायफल कसली, काठीच ती. मला दे. तिची नळी काढून टाकतो, नवी बसवतो, की दुकानातली काडतुसं चालतील."

बेव्हर्लीला ते लागलं. नवऱ्यानं ती नळी दोन हिवाळे खपून बनवली होती. तिनं मकरंदला बोलावून घेतलं. "तीन आठवडे देते. तिसऱ्या रविवारी क्लबच्या रेंजवर ही चालली तर तुझी. नाही चालली तर वेनची."

रीतसर कागद झाले आणि रायफल मकरंदकडे आली.

वही उघडून त्यानं चाळीस पुंगळ्या केल्या. रिकामी पुंगळी एकेक करून रायफलीत घालून पाहिली. चाळीसही लोण्यात सुरी जावी तशा बसल्या. मग एकीत दारू न भरता, बार उडवणारी टोपी न लावता, नुसती गोळी बसवून पाहिली. बोल्ट, म्हणजे रायफल मागून बंद करणारा दांडा, अर्ध्यात येऊन अडला. दुसरी पाहिली, तीही अडली. त्यानं जोर लावला नाही. "जोर करून लावलेल्या बोल्टमागे आपलंच तोंड असतं," हे ग्रॅहमनं त्याला पहिल्याच दिवशी ऐकवलं होतं.

गोळी बसवताना खांदाच फुगत असणार, असं मकरंदनं ठरवून टाकलं. डाय बनवणाऱ्या माणसाला दोष आधी डायमध्ये दिसतो. त्यानं डायचा तळ घासला, खांदा आणखी मागे सारला. पुन्हा घासला, पुन्हा सारला. अकरा पुंगळ्या चुरगळून गेल्या आणि अडीच आठवडे सरले. गोळी बसवलेली पुंगळी काही आत जाईना.

शुक्रवारी त्याची बायको संपदा हेन्डरसनच्या फार्मसीतून घरी आली ती थेट गॅरेजात. टेबलावरचा चुरा पाहून म्हणाली, "हे काय रे, भंगारवाल्याला द्यायचंय का?"

"खांदा अडतोय."

"कशावरून?"

"दुसरं काय असणार?"

"वा! माझ्या काउंटरवर असे रोज येतात. तपासणी नाही, काही नाही, औषध तेवढं आपणच ठरवून आलेले. अडीच आठवडे खांद्याला मलम चोळतोयस, मक्या. दुखतंय कुठे ते बघितलंस का एकदा तरी?"

मकरंद चिडला, पण कुठे घासतं आहे हे त्यानं खरंच पाहिलं नव्हतं. पाहायचं कसं? लहानपणी आई पणतीच्या ज्योतीवर पितळी वाटी उपडी धरून काजळ धरायची, ते त्याला आठवलं.

"निरांजन दे गं जरा."

"देवाचं? हात तर लावून बघ! दिवाळीच्या पणत्या त्या खोक्यात आहेत, त्यातली घे."

त्यानं पणतीत एरंडेल घातलं, वात पेटवली. गोळी बसवलेली, पण दारू नसलेली एक पुंगळी चिमट्यात धरून ज्योतीवर फिरवली आणि मानेपासून खांद्यापर्यंत काळी केली. निवल्यावर रायफलीत घालून, अडेल तिथवरच हलक्या हातानं नेली आणि परत काढली. खांद्यावरचं काजळ जसंच्या तसं होतं. मानेवर मात्र चहूबाजूंनी पितळ चमकत होतं.

"मान!" तो म्हणाला. "खांदा नाहीच, मान जाड झालीये!"

मान बारीक करताना तिथलं पितळ एकवटून जाड होतं. पुंगळी रिकामी असेतो ते कळत नाही. गोळी आत शिरली की मान फुगते आणि नळीच्या मागच्या तोंडाशी अडते. ग्रॅहम मान बाहेरून तासून घेत असणार. वहीत त्याची ओळ नव्हती. स्वयंपाकात मुरलेल्या बाईनं पदार्थाची कृती लिहावी आणि मीठ लिहायचंच राहावं, तसं झालं होतं.

शनिवारी सकाळीच मकरंद लेथवर उभा राहिला. पहिली मान तासताना फाटली. त्यानं ती बाजूला टाकली, पातं पुन्हा घासलं आणि सुटणारा कीस केसाहून बारीक ठेवला. दर वेळी मोजून पाहायचा, मग पुढे जायचा. दुपारपर्यंत नऊ पुंगळ्या मनासारख्या झाल्या. एकीत नुसती गोळी बसवून त्यानं बोल्ट लावला. तो एका बोटानं मिटला. मकरंदनं उघडून पुन्हा मिटला, फक्त तो आवाज ऐकायला. मग नऊही पुंगळ्यांत टोपी, दारू आणि गोळी भरून काडतुसं तयार केली.

रविवारी रेंजवर वेन आधीच येऊन थांबला होता. "किआ ओरा, मॅक! काठी आणलीस का?"

"आणली. टेकायला देऊ?"

बेव्हर्ली पर्सचा पट्टा दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी होती. मकरंद पालथा झोपला, श्वास सोडला, चाप ओढला. बार झाला. बोल्ट सहज उघडला, पुंगळी टणकन बाहेर पडली. तो आणखी दोनदा गोळी झाडून उठला. शंभर मीटरवरच्या कागदावर तिन्ही भोकं एका सुपारीखाली झाकली असती. मग रायफल मोकळी करून त्यानं दोन काडतुसं वेनपुढे धरली. "तूही झाडून बघ."

वेननं दोन बार काढले. दुर्बिणीतून कागदाकडे बराच वेळ पाहत राहिला. रायफल परत देताना नळीवरून हात फिरवून म्हणाला, "स्वीट ॲज, एकदम झकास. हिची नळी बदलू नये कुणी."

"बदलणार नाहीच," बेव्हर्ली म्हणाली. "मकरंदची आहे ती."

"पण मॅक, रोअर सुरू होतोय. माजावर आलेले नर आतापासून डरकाळ्या फोडायला लागलेत. तुझ्याकडे राहिली चार काडतुसं."

"घरी एकोणीस पुंगळ्या पडल्यात, माना तासायच्या. हात लावणार असशील तर शनिवारी ये."

वेननं नऊची वेळ सांगितली. एकोणीस माना तासायच्या होत्या, म्हणून मकरंदनं आठची ठरवली.