साहेबांशिवाय धरण

"साहेबाची बायको दिसाले चांगली हाये, पण बोलत काहून नाही? मुकी त नसन?"

कमलाबाई नळावर कुणाला तरी विचारत होत्या आणि भिंतीपलीकडे मी भांडी घासत होते. लग्न होऊन मालेगावजवळच्या धरणाच्या कॉलनीत नुकतीच आले होते. हे तिथले इंजिनियर, कमलाबाईंचे यजमान नामदेवभाऊ गेट ऑपरेटर. मी गप्पच राहिले. गप्प माणसासमोर लोक काहीही बोलतात, काहीही करतात. किस्से साठायला आणखी काय लागतं?

*

यांच्या डोक्यात सदा पाणी. पहिल्यांदा वरण वाढलं, तर ताटावर हात आडवा धरून म्हणाले, "बस, आता सांडव्यावरून जाईल." धरणाचं जादा पाणी कुठून निघतं, हे मला असं जेवताना कळलं.

*

एकदा माझी जवसाच्या तेलाची बाटली गायब झाली. त्याच दिवशी गेटचं चाक कधी नव्हे ते कुरकुर न करता फिरलं. नामदेवभाऊ त्याला बैलासारखं थोपटत होते. "आज खाल्लं ना पोटभर, मंग चालते बराबर."

संध्याकाळी यांनी विचारलं, "भाजी अशी कोरडी का?" मी गेटाकडे पाहिलं.

*

धरण दारात, पण कॉलनीत कंदील. मग इथं वीज करता येईल का ते पाहायला मोठे साहेब येणार, असं कळलं. कमलाबाईंनी त्याआधीच्याच आठवडी बाजारात बल्ब घेतला आणि आढ्याला टांगला.

मोठ्या साहेबांनी यांना विचारलं, "पाणी वर्षभर सोडता?"

"नाही सर, गहू-हरभऱ्यापुरतं."

"मग वीजही गहू-हरभऱ्यापुरतीच."

चहा पिऊन जीप गेली. बल्ब कमलाबाईंनी काही काढला नाही. "राहू द्या, पाहुण्यायले वाटते, लाइट आली."

*

माझी पहिली दिवाळी आली. मंगरूळपीरहून बाबांचं बोलावणं आलं. जावयाशिवाय दिवाळसण कसला? मी ट्रंक भरून ठेवली. पण बहात्तरच्या दुष्काळानंतर पहिल्यांदाच धरण काठोकाठ भरलं होतं, आणि हे काठावरून हलेनात. "तू जा. मला नाही जमायचं."

निघायच्या सकाळी यांनी जावं की नाही यावर अंगणात सभाच भरली. नामदेवभाऊंचा चेहरा उतरलेला. "साहेब नसले अन् पाणी चढलं त?"

"अन् उतरलं त?" कमलाबाई.

हे गंभीरपणे मान हलवत होते. एसटीची वेळ होत आली. मी ट्रंक घेऊन दारात आले आणि तोंड उघडलं.

"चढलं त गेट उघडा, उतरलं त लावा. इतके दिवस यायनं तरी दुसरं काय केलं, भाऊ?"