वरकुट्याला गेलेलं कापड

फोन आला तेव्हा मी बारामतीत बटणांच्या दुकानात उभी होते. सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, माझ्या सईच्या उन्हाळी फ्रॉकसाठी पांढरी बटणं मागवली होती. एका पाकिटानं भागायचं नाही, दोन आण, असं बजावलंही होतं. एका फ्रॉकला इतकी बटणं कशाला, हा किडा सकाळपासून माझ्या डोक्यात वळवळत होता. फोनवर हे होते. आई जेवून जराशी आडवी झाली ती उठलीच नाही, एवढंच म्हणाले... वडगावला घरी पोचले तेव्हा दोन्ही पाकिटं माझ्या मुठीत तशीच होती.

आत्याबाईंचा जगात कुणावर म्हणून विश्वास नव्हता. डेअरीच्या काट्यावर नाही, टीव्हीतल्या हवामानावर नाही, माझ्यावर तर नाहीच. रेडिमेड कपडा घरी येईपर्यंतच उसवतो, असं त्यांचं ठाम मत. म्हणून दर उन्हाळ्यात त्या स्वतः बाजारात जाऊन छापील सुती कापड आणायच्या. दुकानदार मोजत असताना त्याच्या हातावर नजर, घरी येऊन पुन्हा मोजणी, मग कापड बादलीत भिजत. आटतं किती आणि रंग सोडतं का, हे बघितल्याशिवाय कात्री लागायची नाही. दोऱ्याचाही भरवसा नव्हता, म्हणून प्रत्येक शिवणीच्या शेवटी गाठीवर गाठ. काम संपलं की मशीनच्या झाकणाला तशाच गाठींचा लाल दोरा बांधायच्या, मागं कुणी उघडलं तर कळावं म्हणून. घरात मशीनला हात लावणारी दुसरी मीच होते, तेव्हा हे ‘कुणी’ कोण, ते वेगळं सांगायला नको.

वरकुटे माझं माहेर. कातरकामातला एखादा तुकडा जागेवर दिसला नाही की त्या विचारायच्या, “वरकुट्याला गेला व्हय गं?” तेही चहात साखर घातली का विचारावं इतक्या सहज. मी माहेरी कधी चिंधीसुद्धा नेली नव्हती. तुकडा मागाहून त्यांच्याच पिशवीत सापडायचा, पण सापडला म्हणून शब्द मागे घ्यायची त्यांची रीत नव्हती. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं म्हणतात. पण ते आठवलं की मला आजही राग येतो.

सईच्या वाढदिवसाला माझा भाऊ, वहिनी आणि त्यांची छोटी आरू आली होती. आरूनं फुलाफुलांचा फ्रॉक घातलेला. आत्याबाईंनी तिला मांडीवर ओढलं, फ्रॉकची दुमड उलटी केली, कापड चिमटीत धरून चोळलं, पाठीवर वीत टाकली, खांद्यावरून बोटं फिरवली. वहिनीचा चेहरा पडला. मला भर पाहुण्यांत मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमच्या घरचं कापड आहे का, तेच बघत होत्या, दुसरं काय! पाहुणे गेल्यावर मी विचारलंच. म्हणाल्या, “कापड हलकं हाय. आटंल.”

यंदा त्यांनी बारीक निळ्या फुलांचं कापड आणलं. बघताच मला ते सईच्या फ्रॉकला लागेल त्यापेक्षा जास्त वाटलं. मी खोलीत गेले की त्या काहीतरी मशीनखाली सारायच्या. माझी खात्रीच झाली की पळसदेवला दिलेल्या लेकीकडे गुपचूप काहीतरी चाललंय, तिची मुलगी कॉलेजात आहे, तिला कुर्ती असणार. आपल्या लेकीला चालतं आणि सुनेच्या माहेराचा तेवढा संशय! मी मनातल्या मनात धुमसत राहिले. संशय घ्यायला मी त्यांच्याच हाताखाली शिकले होते.

तेराव्यानंतर मशीन उघडायला गेले. लाल दोरा जागेवर होता. तो तोडताना हात थबकला, आता मागून आवाज येईल असं वाटलं... आत सईचा फ्रॉक होता. त्याखाली त्याच कापडाचा दुसरा, लहान. खांद्याला अरुंद, पोटाशी सैल, खाली वाढत्या अंगासाठी चांगली रुंद दुमड. अशी गुबगुबीत पोर आमच्या नात्यात एकच, आरू. फक्त बटणं लावायची राहिली होती. मी तिथंच बसून रडले. त्या दिवशी आत्याबाई कापड ओळखत होत्या की माप घेत होत्या? मला विचाराल तर दोन्ही. माणूस इतक्यात बदलत नाही.

दुसऱ्या पाकिटातली बटणं लावून फ्रॉक माहेरी घेऊन गेले. वहिनीनं तो आरूच्या अंगाला लावून बघितला आणि माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, “वन्सं, खरं सांगा, तुमीच शिवला ना? त्या कशाला आमच्या आरूला शिवत्याल?”

मी फ्रॉक उलटा करून तिच्या हातात दिला. तिचं बोट शिवणीवरून सरकत शेवटाला गेलं आणि थांबलं. तिथं गाठीवर गाठ होती. वहिनी बराच वेळ ती चाचपत राहिली.

घरी परतल्यावर मशीन पुसलं, झाकण लावलं आणि लाल दोरा बांधला. उघडणारं आता माझ्याशिवाय कुणी नाही, तरी गाठीवर गाठ मारली. मग, त्या असत्या तर विचारलंच असतं म्हणून, आधीच सांगून टाकलं, “व्हय आत्याबाई, गेलं वरकुट्याला.”